सहा चौरस मीटरचं पांघरूण

जर्मन भाषेत 'फ्लेगेलाइश्त' नावाचा एक लाडका शब्द आहे. तो शर्टाच्या लेबलवर असतो, फरशीच्या जाहिरातीत असतो, फारशी न रडणाऱ्या बाळालासुद्धा कौतुकाने लावतात, आणि रोपांच्या दुकानात तर दर दुसऱ्या कुंडीवर चिकटवलेला असतो. 'लाइश्त' म्हणजे सोपं आणि 'फ्लेगं' म्हणजे निगा. झाडांची निगा ती फ्लेगं, आणि आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा तीही फ्लेगंच. २०२३ साली या दोन्ही फ्लेगं एकदमच माझ्या वाट्याला आल्या.

उंटरश्लाइसहाइमच्या आमच्या रो-हाऊसच्या दारात सहा चौरस मीटरचा वाफा आहे. तो आईचा. नव्वद दिवसांच्या व्हिसावर ती मे महिन्यात वाईहून यायची, ती पर्समध्ये मेथी आणि धने घेऊनच! पंधरा मेच्या 'थंड सोफी'पर्यंत इथे थंडीचा भरवसा नसतो, हे शेजारच्या आजीबाईंनी तिला खाणाखुणांनी समजावलं होतं. आईने ते लगेच मानलं. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आळी करतात, तशी यांची सोफी, असा तिचा हिशेब. २०२२ चा उन्हाळा तिचा शेवटचा ठरला. त्यानंतर डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी मीच लॅपटॉप घेऊन वाईला जाऊ लागले. दिवसा आईचं औषधपाणी आणि संध्याकाळी जर्मन क्लायंटचे कॉल्स. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चालू असणार, त्यामुळे जास्त सांगत नाही.

वाफा मात्र तणाने भरला. नवऱ्याचं मत पडलं, "खडी टाकू आणि मोकळे होऊ." ही खडीची बाग जर्मनीत बरीच बोकाळली होती. शेवटी शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०२० मध्ये घराभोवती अशा बागा करायला कायद्यानेच मनाई केली. आणि खडी फ्लेगेलाइश्त असते हाही एक भ्रमच आहे. खडीच्या फटींत पाला पडतो, कुजतो, त्याची माती होते आणि तीन-चार वर्षांत तिथे तण उगवतंच. शिवाय उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापते. मुख्य म्हणजे, आईच्या वाफ्यावर खडी ओतायची ही कल्पनाच मला सहन होईना.

तशी आमच्याकडे खाली खडीच आहे म्हणा. हिमयुगात आल्प्समधल्या हिमनद्या वितळल्या आणि त्यांच्या पाण्याने चुनखडीचे गोटे आणून म्युनिकचं हे सपाट मैदान रचलं. उत्तरेकडे या गोट्यांचा थर पातळ होत जातो आणि जमिनीतलं पाणी वर येतं. त्यातूनच डाखाऊ आणि एर्डिंगकडच्या दलदली झाल्या. आमचं गाव त्या दोन प्रकारांच्या सीमेवर. आमच्या वाफ्यात मात्र वीतभर मातीखाली सरळ गोटे लागतात आणि पाणी घातलं की गायब!

अशा जमिनीत काय जगतं याचं उत्तर मी विद्यार्थिदशेतच पाहिलं होतं, फक्त तेव्हा त्याची गरज नव्हती. २००४ साली मी गार्शिंगला मास्टर्ससाठी आले. तेव्हा भुयारी रेल्वे कॅम्पसपर्यंत जात नसे (ती २००६ च्या ऑक्टोबरात आली), होखब्र्युकला उतरून बस धरावी लागे. एका एप्रिलमध्ये वर्गातल्या जर्मन मैत्रिणीने सायकलवरून जवळच्या 'गार्शिंगर हाइडे'ला नेलं. इथल्या वनस्पतीप्रेमींच्या संस्थेने नांगरापासून वाचवण्यासाठी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विकत घेतलेलं हे माळरान. पातळ माती, खाली गोटे, पाणी घालायला कुणी नाही, आणि तरी जांभळ्या घंटाफुलांनी जमीन भरलेली. जमिनीलगत पसरलेला रानटी थाइमही तिथे आहे. अर्थात ते रानही आपोआप टिकलेलं नाही. गवत वेळोवेळी कापून उचललं नाही तर झुडपं सगळं गिळून टाकतील.

तर उन्हाच्या अर्ध्या भागात थाइम, हे नक्की झालं. पानं चुरडली की ओव्याची आठवण येते, आणि ती उगाच नाही, दोन्हींत थायमॉल हेच द्रव्य असतं.

कुंपणाकडच्या सावलीच्या भागासाठी आजीबाईंनी 'डिकमेन्शेन' सुचवलं, म्हणजे शब्दशः 'जाडोबा'. मूळचं जपानकडचं, सदाहरित, बुटकं आणि गुणी. पण त्याला आंबट माती लागते आणि आमची चुन्याची, त्यामुळे पानं पिवळी पडणार. आयव्ही भिंतीवर चढते, म्हणून बाद. मग दुकानात एका ट्रेमध्ये निळी पाच पाकळ्यांची फुलं दिसली, नाव 'इम्मरग्र्युन', सदाहिरवी. वाईला व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवली.

"अगं, ही तर सदाफुली!"

जवळपास बरोबर. दोघी एकाच कुळातल्या. लिनियसने तर आपल्या सदाफुलीला याच व्हिंका वंशात घातलं होतं, नंतर तिला वेगळं काढलं. आणि आपली म्हणतो ती सदाफुलीसुद्धा मूळची मादागास्करची बरं का! रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिंक्रिस्टीन तिच्यातून मिळतं. या निळ्या बहिणीतही विषारी द्रव्यं आहेत, तेव्हा घरात पानं तोंडात घालणारं मूल असेल तर विचार करून लावा.

पण लावण्याआधी साफसफाई हवी, आणि इथेच खरा घाम निघतो. वाफ्यात 'गीर्श' शिरला होता. जर्मन माळ्यांचा हा जुना वैरी. पांढऱ्या दोऱ्यासारखी त्याची मुळं जमिनीखालून धावतात आणि बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा उगवतो. कुदळीने तुकडेच होतात, म्हणून काटेरी फावड्याने माती सैल करत सबंध दोरे ओढायचे. दोन शनिवार-रविवार गेले. आईने फोनवर विचारलं, "त्याची भाजी होते का?" होते! कोथिंबिरीच्याच कुळातला आहे, देठ तिकोनी असतो. कोवळी पानं घालून थालीपीठं केली, बरी झाली. (त्या कुळात विषारी भाऊबंदही आहेत, त्यामुळे ओळख पक्की असल्याशिवाय खाऊ नका.)

खोदताना आइस्क्रीमची एक काडी निघाली. तिच्यावर बॉलपेनने 'मेथी' लिहिलेलं, आईच्या अक्षरात. मी ती धुऊन खिडकीत ठेवली आणि त्या दिवशी काम तिथेच थांबवलं.

संध्याकाळी आई सरळ म्हणाली, "मी आता येत नाही म्हणून लावत्येस ना हे?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "चौरस मीटरला किती रोपं बसतात?"

इम्मरग्र्युनची दहा, थाइमची बारा-चौदा, आणि मधल्या अर्धसावलीत बाल्कन 'करकोचाचोच' म्हणून एक वासाचं जिरेनियम आहे, त्याची सात-आठ. लागवड सप्टेंबरमध्ये केली. तेव्हा माती उबदार असते आणि मुळं हिवाळ्याआधी धरतात. तणरोधक कापड घातलं नाही, कारण धावत्या फांद्यांना मग रुजायला जागा मिळत नाही. सावलीच्या भागात सालीचा चुरा पसरला. तो कुजताना मातीतला नत्र खातो, म्हणून खाली शिंगांचा भुसा. (हे शेवटचं शाकाहारी आईला सांगितलेलं नाही.) थाइमला यातलं काही नको, तिथे उलट वाळू मिसळली.

पहिले दोन उन्हाळे तण उपटावंच लागतं, तेव्हा कुंडीवरच्या चिठ्ठीवर जाऊ नका. थाइम जुळून आला आहे, जूनमध्ये त्याच्यावर मधमाश्यांची गर्दी असते. इम्मरग्र्युन अजून रुसल्यासारखी कासवगतीने चालली आहे. तीन वर्षं धरायची, असं आजीबाई म्हणतात. मी वाईला असले की लेक रविवारी फोन घेऊन बाहेर जाते आणि वाईच्या पलंगावरून आई वाफा तपासते.

"डावीकडे कोपऱ्यात बघ, गवत आलंय. अगं तिकडे नाही, कुंपणाशी. हां. मुळासकट काढ."