दुपारची कडी

हिंगोलीतल्या लेकरांना १ मे हा दिवस महाराष्ट्र दिन म्हणून कमी आणि निकालाचा दिवस म्हणून जास्त ठाऊक. सकाळी झेंडावंदन, मग हातात प्रगतिपत्रक, आणि उद्यापासून सुट्टी. १९९९ साली याच तारखेला हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली, म्हणजे जिल्ह्याचा वाढदिवसही त्याच सकाळी. हे सगळं लवकर उरकून घ्यावं लागतं, कारण दहानंतर मैदानात उभं राहवत नाही. भाषण लांबवणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे ऊनच खाली बसवतं.

मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे गेला तर कुणी विशेष बोलत नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीस झाला की पेपरात येतं, आणि पेपरात आलं की आजी म्हणते, "मला तर कालच कळलं व्हतं." दिवस दोन तुकड्यांत मिळतो. पहाटे उठल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत एक, आणि उन्हं कलल्यावर दुसरा. पाणी भरणं, शेण-झाडलोट, शेतातली कामं, लेकरांचं विहिरीवर पोहणं, सगळं पहिल्या तुकड्यात. लग्नकार्य, बाजार, गप्पा, भांडणं दुसऱ्यात. मधला वेळ उन्हाचा, आणि त्या वेळेला घराला आतून कडी.

ही दुपार कशी जाते, हे घर कशाचं आहे त्यावर ठरतं. जुन्या माळवदाच्या घरात ती बरी जाते. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या कड्या, त्यावर मातीचा थर, आणि भिंतीत इतकी लहान खिडकी की तिच्यातून लेकरूही मुश्किलीने बाहेर निघावं. आत अंधार असतो, पण गारवाही असतो. स्लॅबच्या घरात दुपारपेक्षा रात्र वाईट, कारण दिवसभर प्यालेलं ऊन तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो. आणि पत्र्याचं घर म्हणजे तापलेला तवाच. तिथली माणसं दुपारी लिंबाखाली बाज टाकतात. माळवदं पडत चालली. दर पावसाळ्याआधी वर माती टाकायची, ती दाबायची, गळतं कुठे ते शोधायचं, हे आता कोण करणार? पडलेल्या माळवदाच्या जागी पत्रा येतो, मग पत्र्याखाली कूलर येतो, मग कूलरला पाणी लागतं, आणि पाण्यासाठी बाई पुन्हा हापशावर. याला आपण पक्कं घर म्हणतो.

आमच्या घरात मधल्या खोलीत दुपारी सगळे एका ओळीत आडवे होतात. फरशीवर पाणी मारून ती पुसून घेतलेली, दाराला ओलं गोणपाट, कोपऱ्यात माठ, माठावर ओलं फडकं. लेकरं भिंतीच्या बाजूला, म्हणजे मोठ्यांना ओलांडल्याशिवाय दाराशी जाता येऊ नये. हा बंदोबस्त पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे आणि तो मोडण्याचे मार्गही.

"आजी, झोप येईना."

"डोळे मीट, येती."

"मिटले की. तरीबी येईना."

"मग उघडे ठिवून झोप. पण बाहीर गेलास तर तंगडं मोडीन."

मग गोष्ट सांगावी लागते. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाची गोष्ट ठरलेली. नामदेव नर्सीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. औंढ्याला देवासमोर कीर्तन करायला लागले, तर पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. नामदेव देवळामागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून आजही तो देवळाच्या मागे आहे. लेकरांनी तो नंदी पाहिलेला असतो. गाभाऱ्यात वाकून खाली उतरतानाची भीतीही अनुभवलेली असते. त्यामुळे गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न येत नाही. प्रश्न वेगळाच येतो.

"मग नंदी का नाही फिरला?"

"त्याला ऊन लागलं असंल. झोप."

यानंतर जे होतं त्यासाठी मी हे लिहितो आहे. लेकरं झोपल्याचं सोंग घेतात आणि मोठी माणसं ती झोपली असं धरून बोलायला लागतात. हळदीचा भाव मागच्या आठवड्यापेक्षा उतरला. धाकट्या आत्याचं स्थळ का मोडलं. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं तर किती भरावे लागतील. वाटणीतल्या विहिरीचं पाणी चुलतभावाने का अडवलं. हे सगळं दबक्या आवाजात, मधूनमधून थांबून, पंख्याच्या घरघरीत मिसळून. मला माझ्या घराची जी काही माहिती आहे तिचा मोठा भाग या दुपारींमधून आलेला आहे. बैठकीत मोठी माणसं लेकरांसमोर घराची अब्रू सांभाळून बोलतात. दुपारी आडवं पडून बोलतात ते खरं असतं. कर्ज हा शब्द मी शाळेत शिकलो नाही. तो डोळे मिटून शिकलो, वडलांच्या उसाशासकट.

शाळेतल्या दहा महिन्यांत हे होत नाही. तेव्हा दुपारी लेकरं वर्गात आणि माणसं रानात असतात. मेमध्येच सगळे एका खोलीत कोंडले जातात, तेही कुणाच्या हौसेने नव्हे.

आणि या कोंडण्याच्या दोन्ही बाजूंना आमच्याकडे हळद असते. वसमतच्या बाजूला सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी पोचतं, तिथे तर विचारूच नका. आता विहिरी-बोअरच्या भरवशावर इतर तालुक्यांतही हळद पसरली आहे. ‘वसमत हळदी’ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या लेकरांचे तळपाय मार्च ते मे पिवळे असतात. नऊ महिन्यांचं हे पीक. पाला वाळला की काढणी, मग कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, ढोलात फिरवून पॉलिश आणि शेवटी हिंगोली-वसमतचा बाजार. उन्हाळा लांबतो म्हणून बाकीचे कुरकुरतात. हळदवाला मात्र वर आभाळाकडे बघून म्हणतो, अजून चार दिवस असंच राहू दे.

शिजवणं शक्यतो पहाटे किंवा रात्री, कारण दिवसा त्या भट्टीपुढे थांबवत नाही. लोखंडी कुकरचे मोठाले ड्रम, खाली आग, आणि झाकणाच्या फटींतून निघणारी वाफ. तिचा वास मातीचा, कडवट, थोडा औषधी. तो केसांत बसतो आणि आंघोळ करूनही जात नाही. हळद शिजली की नाही हे बघायला काडी टोचतात. ती लोण्यात गेल्यागत आरपार गेली की झालं. हे काम लेकरांना फार आवडतं आणि ते हमखास त्यांच्याकडे येतं, कारण मोठ्यांचे हात पोती उचलण्यात गुंतलेले असतात. शिजलेलं हळकुंड मऊ, वाकवलं तर वाकतं. तेच पुढे दहा-पंधरा दिवस कडक उन्हात पडलं की दगड होतं. मोडलं तर कट्‌ असा आवाज येतो आणि आत नारिंगी, चकचकीत. आवाज चांगला आला तर माल वाळला. आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही हळकुंड कानाजवळ धरून मोडतं आणि व्यापाऱ्याच्या तोऱ्यात मान हलवतं. ओल्या हळदीची पाच पोती वाळून जेमतेम एक होतं, हा हिशेबही त्याला पाढ्यांच्या आधी येतो.

पण या सगळ्यात एक धास्ती असते. एप्रिल-मेच्या संध्याकाळी पश्चिमेला काळं येतं, वारा पडतो, आणि मग एकदम धूळ उठते. अंगणभर, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला हळद पसरलेली. अशा वेळी कुणी कुणाला हाक मारत नाही. आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे धावतात. दोघं ताडपत्रीचं टोक धरतात, एक जण घमेल्याने ढीग ओढतो, सगळ्यात लहान असतो त्याला ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसवतात. त्याचं वजन ते किती! पण तो बसतो, आणि वारा त्याला ताडपत्रीसकट उचलायला बघतो. भिजलेल्या हळदीचा रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. त्या घटकेला तो कोपरा धरून बसलेला पोरगा घरातला कर्ता माणूस असतो. सुट्टीत मुलांना जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी यावर लेख येतात. ते लिहिणाऱ्यांनी एकदा अवकाळीच्या संध्याकाळी वसमतकडे यावं.

मेमध्ये घर भरण्याचं उन्हाखेरीज दुसरं कारण ऊस. सेनगाव, कळमनुरी, हिंगोली या भागातल्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. लेकरं तोवर आजी-आजोबांकडे नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात; काही सोबत फडावर. शाळा चालू असताना आई-बाप नाहीत, आई-बाप आले की शाळा बंद. तांड्यावरच्या लेकराला सुट्टी म्हणजे मामाचा गाव नाही, आई घरी आहे ती सुट्टी. लग्नंही त्यामुळेच या महिन्यात लागतात. आणि पुढच्या हंगामाची उचल घ्यायची बोलणीही याच महिन्यात सुरू होतात, दुपारी, आडवं पडून, लेकरं झोपली असं समजून. त्या घरातलं पोर सोंग घेऊन काय ऐकत असेल याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

दुपारच्या शांततेबद्दल एक गंमत सांगतो. औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही सूक्ष्म थरथर मोजायची. अशा यंत्राला गोंगाट नसलेली जागा लागते. देशभर शोधून शास्त्रज्ञ औंढ्याला आले हे वाचल्यावर गावातला एक म्हातारा म्हणाला, "मे महिन्यात दुपारी आले असतील." दुसरीकडे वसमत तालुक्यात पांगरा शिंद्याच्या परिसरात जमीन अधूनमधून गुरगुरते, भांडी वाजतात, लोक बाहेर येऊन उभे राहतात. २१ मार्च २०२४ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या असं प्रशासनाने सांगितलं. दगड ठेवलेले असतात ते उन्हाळी वादळात पत्रे उडू नयेत म्हणून. ठेवले तर भूकंपाची भीती, काढले तर वाऱ्याची. बऱ्याच घरांनी मधला मार्ग काढला: दगड भिंतीवर येतील असे सरकवले आणि लेकरांचं अंथरूण दुसऱ्या बाजूला नेलं.

संध्याकाळचं मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच. गच्चीवर पाणी मारतात, वाफ निघून जाईपर्यंत खाली जेवणं होतात, ताटात आमरस आणि सकाळच्या वाळवणातली चोरीतून वाचलेली कुरडई. मग अंथरुणं. लाइट गेली तरी कुणाचं अडत नाही.

आता दुपारी एक बदल झाला आहे. आमची लेकरं आडवी होतात, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि कानात वायर. त्यांना बाहेर पळायचं नसतं, गोष्ट नको असते. मोठ्यांना आनंद वाटतो की पोरं गप्प आहेत. मोबाइलने डोळे बिघडतात, अभ्यास बिघडतो, हे सगळे सांगतात आणि ते असेलही. माझी तक्रार दुसरी आहे. कानात वायर असलेलं पोर सोंग घेत नाही, त्यामुळे ऐकतही नाही. त्याच्यापासून तीन फुटांवर घराचं सगळं बोललं जातं, आणि पुढे कधी सातबारा हातात आला की ते विचारतं, हे कर्ज कधी काढलं? त्याच्या उशाशीच काढलं होतं, बाबा. म्हणून आमच्या घरात जेवणं झाली की मोबाइल धान्याच्या कोठीवर जातात, मोठ्यांचेसुद्धा. कुरकुर होते. ऊन मोठं असतं, त्यापुढे कुरकुर टिकत नाही.

उन्हाळ्यात हिंगोलीकडे जरूर या. औंढा बघा, नर्सी बघा, हळद विकत घ्या आणि घेताना एक हळकुंड मोडून आवाज ऐका. फक्त साडेबारा ते चारच्या दरम्यान कुणाच्या दाराची कडी वाजवू नका. वाजवलीत तर पाणी मिळेल, ताक मिळेल, घरातली बाई चहासुद्धा ठेवील आणि तोंडाने काही बोलणार नाही. पण तुमच्यासाठी उघडलेल्या दारातून लेकरं बाहेर सटकलेली असतील, आणि ती मग दिवेलागणीशिवाय कुणाच्या हाती लागायची नाहीत.