होटगीचे दोन रूळ

सोलापूरच्या दक्षिणेला होटगी जंक्शन लागते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग 1871 साली रायचूरला पूर्ण झाला. पुढे 1884 मध्ये गदग-विजापूरकडील मार्ग होटगीला येऊन मिळाला. पहिल्याची रुंदी 1676 मिलिमीटर, दुसऱ्याची 1000. एकीकडची वाघीण दुसरीकडे धावू शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे.

या परिसराच्या भाषेचेही असेच आहे. येथील बृहन्मठाची परंपरा वीरशैव, अनेक घरांतली बोली कन्नड. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमावाद पेटला आणि 1967 च्या महाजन आयोगाने दक्षिण सोलापूर तालुक्यातील काही गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

आम्ही याच भागातील मुलांना मराठी शिकवतो. एका विद्यार्थिनीच्या निबंधातील लिंगाच्या चुका आम्ही तांबड्या शाईने खोडल्या, गुणही कापले. तिने विचारले, “सर, नदी ती आणि ओढा तो, हे तुम्हाला कोणी शिकवलं?” कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नाही. आम्हाला तो आईच्या कडेवर फुकट मिळाला होता. तिला एकेक शब्द वाहून आणावा लागत होता.

अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आल्याचे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. मात्र कन्नड घरातून मुलगी आली, तर तिला अशुद्ध ठरवतो.

2008 मध्ये गदगपर्यंतचा मार्ग रुंद झाला. होटगीत आता माल उतरवावा लागत नाही. आमच्या वर्गात ती हमाली अजून चालते. चुका आम्ही आजही दाखवतो. त्यांचे गुण मात्र कापत नाही.