जाळरेषेवरून

सायकल हे गरिबाचे वाहन, असा समज आमच्या पिढीने वारशाने घेतला आणि पुढे आपल्याच हातांनी मोडीतही काढला. आम्ही पुण्यात शिकत होतो तेव्हा प्राध्यापक, कारकून, दूधवाला व विद्यार्थी एकाच जातीच्या काळ्या, जड सायकलीवरून एकाच रस्त्याने जात. त्यांतील उच्चनीचता काय ती घंटेच्या आवाजात असे. नंतर दुचाक्यांना यंत्रे लागली, मंडळींना बाक आले, आणि सायकल माळ्यावर गेली. आता ती परत आली आहे, पण ओळखू येईल तर शपथ! चाके म्हशीच्या मानेसारखी जाड, गिअर इतके की मोजताना चुकावे, किंमत एखाद्या मोटारसायकलीस लाजविणारी. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही की, डोंगरापर्यंत ती स्वतः जात नाही, मोटारीच्या पाठीवर बसून जाते. आमच्या पुतण्याची सायकल याच थाटाने सुप्यास आली. पाठोपाठ आमच्यासाठी भाड्याने आणलेली दुसरी होती.

या वाहनाचा जन्म अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस तामाल्पाइस नावाचा डोंगर आहे. जेमतेम अडीच हजार फुटांचा, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे त्याने उंचीचा तोरा मिरवू नये. परंतु त्या शहराच्या लोकांचा त्याजवर जीव असा की, १८९६ साली त्यांनी त्याच्या माथ्याजवळ आगगाडी नेली. वळणे घेत घेत चढणारी ती गाडी १९३० मध्ये बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि उरलेला सौम्य चढाचा रस्ता वणवा विझविणाऱ्यांच्या कामी आला. असे वणव्याचे रस्ते त्या साऱ्या मुलखात आहेत. १९७० नंतरच्या काळात तेथील काही तरुणांनी भंगारातल्या जुन्या, दणकट सायकली उचलल्या व या रस्त्यांनी त्या भरधाव खाली सोडण्याचा छंद लावून घेतला. जवळच्याच एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. दोन मैलांत तेराशे फूट उतरताना मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून धूर होई व खाली पोचताच ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ नावाच्या गृहस्थाने अशा रस्त्यांसाठी मुद्दाम सांगाडा घडविला, आणि छंदाचा धंदा झाला. आज त्या डोंगरावरील सायकलींना ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, आंधळ्या वळणावर तर पाचाचीच. पायी चालणारे व चाकांवरचे यांच्यातील भांडण तेथे जुने आहे, व अद्याप मिटलेले नाही.

आपल्याकडे वणव्यासाठी रस्ता नसतो, रेषा असते. वनखात्याच्या बोलीत तिला जाळरेषा म्हणतात. पावसाळ्यानंतर गवत वाळले की ठरावीक रुंदीचा पट्टा कापावयाचा आणि तो आपल्या देखरेखीखाली जाळून टाकावयाचा. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू झाले की, कोणाच्या विडीने पेटलेली आग त्या पट्ट्याशी येऊन खाण्यास काही न मिळाल्यामुळे थांबते. आगीने आगीस अडवावयाचे, ही युक्ती फार जुनी असली पाहिजे. सुप्याच्या माळावर या रेषा टेकाडांच्या कडेकडेने गेलेल्या दिसतात. चालणाऱ्यास त्या मळवाटेसारख्या वाटतात. जाड चाकांच्या सायकलस्वारास मात्र ते साक्षात आमंत्रणच.

सुपे हा बारामती तालुक्याचा कोरडा भाग. ‘बारामती’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो, परंतु तो १८८५ च्या नीरा डाव्या कालव्याचा प्रसाद. त्याची वाट सुप्यावरून जात नाही. येथे पर्जन्यछाया, मुरूम, बाभळी आणि गवत. या गवताचा एक तुकडा, सव्वापाच चौरस किलोमीटरांहूनही किंचित लहान, १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखला गेला, तो मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. हा प्राणी पाण्यावाचून दिवसचे दिवस काढतो. संशय आला म्हणजे पाय आपटून शिंकल्यासारखा आवाज करतो, आणि मग उड्या घेत जातो तो दूरवर थांबून पुन्हा वळून पाहतो. त्याची सारी भिस्त नजरेवर, म्हणून त्यास मोकळा माळ हवा. अशा माळास आपले दप्तर पडीक म्हणते, व दयाळू लोक त्यावर झाडे लावावयास धावतात. गवताची किंमत गाईंखेरीज फार थोड्यांना कळली आहे.

मार्चमधील एका पहाटे आम्ही उभयता गावाबाहेर पडलो. अभयारण्यात परवान्यावाचून शिरावयाचे नाही हे ठरलेलेच होते. बाहेरच्या माळाने वळसा घालून परतावयाचे, असा बेत. पहिल्या चढाला आमच्या गुडघ्यांनी एकमेकांत काही मसलत केली, पण लहानात लहान गिअरवर पाय नुसते फिरत राहिले व टेकाड आपोआप खाली गेले. वर भुरभुरता वारा होता. कुसळे मोज्यांत शिरून टोचू लागली. पुतण्याने चाकांत एक पांढरा चीक भरून आणला होता. सराटा रुतला की तो चीक भोकाशी येऊन थिजतो, असे त्याचे म्हणणे. बाभळीच्या काट्यापुढे हे शास्त्र टिकेल काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने विषय बदलला.

वाटेत एक मेंढपाळ भेटला. “पाव्हणं, मोटार बंद पडली का काय?” त्याने विचारले. हौसेने आलो असे सांगताच त्याने आमच्या केसांकडे पाहिले, व पुढे काही विचारले नाही.

टेकाडावरून गाव दिसते. शहाजीराजांची जहागीर पुणे व सुपे या जोडनावाने ओळखली जाई, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. आम्हांस मात्र त्या घरांकडे पाहताना १२ मे १८७५ ची आठवण झाली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसास आलेला भाव युद्धासरशी कोसळला होता, सारा वाढला होता, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी एकामागून एक सावकारांच्या वह्यांत जात होत्या. त्या दिवशी सुप्यात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली. रोख कागदांवर होता. खतेपत्रे, रोखे, वह्या ओढून काढल्या आणि जाळल्या. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव गेले. पण माणसांचे जीव घेण्याकडे जमावाचा कल बहुतेक ठिकाणी नव्हता, ही गोष्ट सरकारी चौकशीतही नमूद झाली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा झाला. लोक त्याला दंगा म्हणतात. जाळरेषेवर उभे राहून पाहिले असता आम्हांस तो शब्द थोडा अन्यायाचा वाटला, एवढेच.

उतार लागताच पुतण्या पुढे सुटला. काही अंतरावर तो एकाएकी थबकलेला दिसला. डोक्यावर माळटिटवी किंचाळत होती, पडल्यासारखे करीत होती, पुन्हा उठत होती. त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, उघड्या काळपट मातीत, चार अंडी टोकाशी टोक लावून ठेविलेली होती. घरटे असे नाहीच. चार खडे बाजूस सारलेले. अंड्यांचा रंग मुरमाचाच. टिटवी ओरडली नसती तर ती आम्हांसही दिसली नसती.

येथे काका-पुतण्यांचा वाद झाला. या पक्ष्यांची अंडी घालण्याची मोसम हीच, पावसाआधीची; त्यांना हवी असते ती गवत नसलेली जमीन; आणि वनखाते त्यांच्यासाठी नव्हे, पण नेमकी तशीच जमीन तयार करून ठेवते. सायकलस्वारालाही हवी ती तीच. “काका, इथून मेंढ्याही जातात,” तो म्हणाला. आम्ही म्हटले, मेंढी चालते, तिच्यामागे डोळस माणूस असतो, आणि तिची चाल टिटवीस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुझे चाक आवाज न करता येते. मोटारीची चाहूल तरी लागते. यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्हांस खोडता आले नाही. तो म्हणाला, “चार लोक सायकली घेऊन येतील, त्यांना हा माळ आवडेल, तर उद्या कोणी इथे मुरूम खणायला लागला म्हणजे ओरडायला ते असतील. तुमची टिटवी एकटी किती ओरडणार?”

उत्तर नव्हते, तरी आमचे मत फिरले नाही. जूनअखेरपर्यंत चाके गाडीवाटेवर राहावीत, पाऊस उलगडून गवत उभे राहिले म्हणजे हवे तर रेषा त्यांची, असा तह आम्ही सुचविला. त्याने तो मान्यही केला नाही व अमान्यही केला नाही. त्याच्या भ्रमणध्वनीवर आमची सारी वाट उमटत होती; ती संध्याकाळी मित्रमंडळास पाठवावयाची होती. अंड्यांना बरेच लांबून वळसा घालून आम्ही सायकली हाती धरल्या व कुसळांतून चालत गाडीवाटेस लागलो. टिटवी बराच वेळ मागे मागे येत राहिली.

सुप्यात पोचलो तो ऊन चढले होते. चहा येईपर्यंत पुतण्याने चाकांतील सराटे चिमट्याने उपसले. मागच्या चाकात बाभळीचा एक लांब काटा होता, आणि चिकाने तेथे आपले काम केले होते. मग त्याने भ्रमणध्वनी काढला. नकाशावर आमची वाट नागमोडी तांबड्या रेघेने काढलेली होती. टेकाडापासून टिटवीच्या जागेपर्यंतचा तुकडा त्याने बोटाने दोनदा पुसला, दोनदा परत आणला, आणि चहा निवेपर्यंत तो तसाच बसून राहिला.