मिठाची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील आम्हां कांहीं मुलांनीं एक लहानसा उद्योग आरंभिला होता. त्यांत आम्हांस काय साधलें, आणि त्याहूनहि अधिक म्हणजे आमचें कोठें चुकलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

उद्योग असा. एका रिकाम्या खोलींत आम्हीं बांबूंचा सांगाडा उभारला, त्यास चोहोंकडून जाड प्लॅस्टिकचा कागद लाविला, आंत एलईडी दिवे टांगले, आणि टोमॅटो, मिरची व वांगें यांचें बीं पेरलें. बाहेर पावसाची झोड आणि खोलींत उजेडाचा अभाव. तेव्हां रोपें वाढवावयाचीं तर दुसरा उपाय नव्हता. असे तयार तंबू बाजारांत 'ग्रो टेंट' या नांवानें मिळतात. पण त्यांची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. आमचा तंबू चार फूट लांब, चार फूट रुंद व सहा फूट उंच होता. रोपें पालकांस विकावीं व त्या पैशांतून वाचनालयास पुस्तकें घ्यावीं, असा बेत होता. प्रत्येकानें खाऊच्या पैशांतून वर्गणी दिली असल्यामुळें त्या रोपांवर सर्वांचाच जीव होता.

रोपें दोन पानांवर आलीं, तों एके दिवशीं सकाळीं पाहतों तर निम्मीं आडवीं पडलेलीं! मातीलगत त्यांचें खोड सुतासारखें बारीक झालें होतें आणि मातीवर पांढुरकी बुरशी धरली होती. ज्यास रोपें कोलमडणें म्हणतात, तोच हा रोग. माती सदा ओली व हवा कोंडलेली असली कीं ही बुरशी फोफावते.

पाणी घालण्याचें काम आमच्या एका सोबत्याकडे होतें. तो रायगड जिल्ह्यांतील मिठागरांच्या गांवचा, स्वभावानें अबोल. "तूंच पाणी जास्त घातलेंस," असें आम्हीं सर्वांनीं मिळून त्यास ऐकविलें. तो म्हणाला, "पाणी मापानेंच घातलें रे. आंतली हवाच ओली आहे. सकाळीं प्लॅस्टिकवरून पाणी ओघळतें, तें तुम्ही पाहत नाहीं." आम्हीं त्याच्यापुढें वही धरली. तंबूंत अडीचशें रुपयांचें आर्द्रतामापक यंत्र टांगलें होतें. त्याचा कांटा एकदांहि ७२ च्या वर गेला नव्हता. यंत्रावर अविश्वास कसा ठेवावा? आम्हीं त्याच्या हातची झारी काढून घेतली. तो कांहीं बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तंबूंत एक बशी आढळली. रात्रीं त्यानें स्वयंपाकघरांतून चिमूटभर मीठ तव्यावर भाजून, अगदीं कोरडें करून तींत पसरून ठेविलें होतें. सकाळीं त्यास पाणी सुटून बशी ओली झाली होती. "आमच्याकडे लहान मुलांस सुद्धां हें ठाऊक असतें," एवढेंच तो म्हणाला. आम्ही मात्र हंसलों. विज्ञान शिकणाऱ्या मुलांस स्वयंपाकघरांतलें मीठ काय शिकविणार!

आमचे विज्ञानशिक्षक मात्र हंसले नाहींत. त्यांनीं सांगितलें कीं, हवा जितकी वाफ धरूं शकते, तिच्या शेंकडा किती वाफ प्रत्यक्ष हवेंत आहे, तें आर्द्रतेचा आंकडा दर्शवितो. हा आंकडा ७५ च्या वर गेला, तरच साधें मीठ हवेंतील पाणी ओढून विरघळूं लागतें. त्याखालीं तें कोरडें राहतें. याच गुणानें यंत्राची परीक्षाहि करतां येते. झांकणाच्या बरणींत थोडें मीठ पाण्यानें नुसतें ओलसर करून ठेवावें. आंतील हवा कांहीं तासांनीं ७५ वर स्थिरावते. आम्हीं यंत्र मिठास लागूं न देतां अशा बरणींत रात्रभर ठेविलें. सकाळीं कांटा ६६ वर होता! म्हणजे आमचें यंत्र नऊ अंकांनीं कमी दाखवीत होतें. वहींतील ७२ म्हणजे वस्तुतः ८१. शिवाय तो आंकडा आम्ही रोज दुपारीं टिपत असूं. रात्रीं तंबूंत काय घडतें, याची कोणीहि चौकशी केली नव्हती. ती आमच्या सोबत्यानें केली होती.

मग गुरुजींनीं फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या तंबूंत हवा सुमारें पावणेतीन घनमीटर. २५ अंश सेल्सियस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सबंध तंबूची हवा तुडुंब भरण्यास सुमारें ६३ ग्रॅम पाणी पुरे. चहाचा अर्धा पेलाहि नव्हे! आम्ही रोज दोन लिटर पाणी घालीत होतों. तें नाहींसें होत नव्हतें; मातींतून व पानांतून बहुतेक सारें हवेंतच परत येत होतें. ओल शोषणाऱ्या क्षारांच्या पुड्या विकत घ्याव्या, असा आमचा विचार चालला होता. पण त्यांनीं कितीसें पाणी शोषावें? ओली हवाच बाहेर घालविली पाहिजे.

पण बाहेरची हवाहि पावसाळ्याची! याचेंहि उत्तर हिशेबांत सांपडलें. २४ अंशांवर वाफेनें पूर्ण भरलेली हवा २८ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ८० वर उतरते. कारण उष्ण हवेंत अधिक वाफ मावते. उलट, दिवे मालवून तंबू थंड झाला कीं तीच हवा पुन्हां तुडुंब होते आणि प्लॅस्टिकवर दंव जमतें. तेव्हां आम्हीं दिव्यांची वेळ फिरविली. दिवसां खोली आपोआप उबदार असते, म्हणून दिवे सायंकाळीं सात ते सकाळीं नऊ लाविले व दिवसां रोपांस विश्रांति दिली. तंबूच्या तळाशीं एका बाजूस फट ठेविली. वर दुसऱ्या बाजूस, मोडीत काढलेल्या संगणकाचा पंखा बसवून तो दिवसरात्र चालूं ठेविला. त्यास लागणारा ॲडॉप्टर दीडशें रुपयांस मिळाला. याखेरीज कांहीं खर्च झाला नाहीं. रोगट माती टाकून दिली, ट्रे धुवून उन्हांत वाळविले. वरून पाणी शिंपडण्याऐवजीं, दिवे लागतांच ट्रेच्या खालून पाणी देऊं लागलों, व वरची माती सुकल्याखेरीज पुन्हां दिलें नाहीं. ट्रे एकमेकांपासून वीतभर दूर ठेविले.

दुसऱ्या पेरणीचीं रोपें तरलीं. यंत्राच्या आंकड्यांत नऊ मिळवून येणारी आर्द्रता बहुधा ७५ च्या आसपास राहूं लागली. गणपतीपूर्वीं पालकांच्या सभेच्या दिवशीं आम्हीं १८० रोपें विकलीं. वाचकांपैकीं ज्यांनीं तीं नेलीं, त्यांच्या अंगणांत तीं फळलीं असतील, अशी आशा आहे.

परंतु त्याआधींच एक काम करावयाचें होतें. गुरुजींच्या हिशेबाच्या दिवशींच सायंकाळीं आम्ही सर्व जण त्या सोबत्याकडे गेलों आणि झारी त्याच्या हातीं देऊन क्षमा मागितली. हें सांगतांना आजहि आम्हांस लाज वाटते. कारण यंत्राची परीक्षा एका रात्रींत झाली, पण ती घ्यावी असें मित्रास दोषी ठरविण्यापूर्वीं आम्हांपैकीं एकाच्याहि मनांत आलें नव्हतें. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "बशी स्वयंपाकघरांतली आहे. धुवून परत द्या, नाहींतर आचारी मला बोलेल."

बशी आम्हीं धुतली, आणि आचाऱ्यांची परवानगी घेऊन पुन्हां तंबूंत ठेविली. यंत्रहि तेथेंच टांगलेलें आहे. आतां रोज दोघांसहि विचारल्याशिवाय आम्ही वहींत आंकडा लिहीत नाहीं.