दोन बोटी आणि आजीचे गुडघे

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून धुळ्याला गेलो, तर घरात महाभारत! मुंबईला जाऊन बोटीत बसायचं, एवढं ठरलेलं. पण कोणत्या? दहावीतली बहीण म्हणे, गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाऊ, त्रिमूर्ती बघू. आठवीतला भाऊ म्हणे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो! २०२० साली सुरू झालेली ही बोट अख्ख्या गाड्या पोटात घेते. वेळ दोन्हीकडे तासाभराचाच.

पप्पांनी निकाल माझ्यावर सोडला. इंजिनीअर ना मी! वही काढली, कॉलम पाडले: खर्च, वेळ, बघण्यासारखं काय. घारापुरी १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत, म्हणून दोन मार्कांनी पुढे. भावाचं तोंड फुगलं.

कोपऱ्यात आजी वाती वळत होती. हळूच म्हणाली, "माले फक्त समुद्र देखनं शे." पंचाहत्तर वर्षांत तिनं तापी पाहिली, पांझरा पाहिली, समुद्र नाही.

बहिणीनेच वही ओढली. "दादा, लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. आजीचे गुडघे कुठल्या कॉलममध्ये टाकलेस?"

मी गप्प!

"रो-रोनेच जाऊ. त्रिमूर्ती काय पळून जाते का?"

मांडव्याच्या वाटेवर आजी कठडा धरून उभी. कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "इतलं पानी... अन् आपला गावले टँकर!"

बहिणीची घारापुरी अजून माझ्याकडे उधार आहे. यंदा सेम संपली की फेडायची. तेव्हा आजी गेटवेवर बसून समुद्र बघणार आहे म्हणे!