उभे राहण्याचा प्रश्न

मराठीत ‘उभे राहणे’ या क्रियापदावर केवढा भार टाकलेला आहे, हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही. माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो, कुणाच्या पाठीशी उभा राहतो, निवडणुकीला उभा राहतो. संसार उभा करतो. त्याचा उभा जन्म कष्टांत जातो. घाईचा पाहुणादेखील ‘उभ्या उभ्या’ येऊन जातो. या साऱ्या प्रयोगांत प्रत्यक्ष उभे राहण्याला काही कष्ट पडतात, असे भाषेला वाटत नाही. शरीराला मात्र ते पडतात.

आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. स्वायत्त मज्जासंस्था लगेच रक्तवाहिन्या आवळते, हृदयाची गती थोडी वाढवते आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. ही व्यवस्था बिघडली की काहींचा रक्तदाब कोसळतो. काहींचा रक्तदाब टिकतो, पण हृदय धावत सुटते. या दुसऱ्या प्रकाराला १९९३ मध्ये ‘पॉट्स’ हे नाव मिळाले. प्रौढ व्यक्ती उभी राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढणे आणि ते वाढलेलेच राहणे, ही त्याची मुख्य खूण. हा विकार प्रामुख्याने तरुण स्त्रियांत आढळतो.

माझ्या धाकट्या जावेला तो आहे. आम्ही राईत राहतो. भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्ध्यानंतर लागणारे हे गाव. ती भाईंदरच्या एका कापडदुकानात विक्रीचे काम करी. दुकानातल्या मुलींनी गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, असा तिथला दंडक. दीड वर्ष ‘अशक्तपणा’, ‘मनावर घेऊ नकोस’ असे ऐकल्यावर अखेर निदान झाले. नोकरी तोवर सुटली होती.

उपचार सुरू करताना तिला एक इंग्रजी प्रश्नावली भरायला दिली गेली आणि मराठीची प्राध्यापिका म्हणून भाषांतराचे काम माझ्याकडे आले. प्रश्नावली होती ‘एसएफ-३६’. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली, ३६ प्रश्नांची आणि जगभर वापरली जाणारी. तिच्यात जीवनमानाचे ८ पैलू मोजले जातात आणि प्रत्येकाला ० ते १०० असे गुण मिळतात. मध्यम श्रमांची उदाहरणे म्हणून तिथे टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ खेळणे दिले आहे. राईत गोल्फच्या जागी काय घालावे, यावर आम्ही दोघी हसलो. ती अडचण किरकोळ होती. गोल्फच्या जागी विहिरीचे पाणी शेंदणे घालता येते.

खरी अडचण पुढे आली. शारीरिक क्षमतेचे १० प्रश्न आहेत. धावणे, सामान उचलणे, जिना चढणे, वाकणे, मैलभर चालणे, शंभर यार्ड चालणे, आंघोळ करणे, कपडे घालणे. त्यांत नुसते उभे राहण्याबद्दल एकही प्रश्न नाही. ती म्हणाली, “ताई, मी चालते की. उभंच राहवत नाही.” यात विसंगती नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. स्तब्ध उभे राहिल्यावर ती मदत थांबते. त्यामुळे ज्या क्रियेने तिचे आयुष्य अडले, ती सोडून बाकीच्या बहुतेक क्रियांत तिला बरे गुण पडत होते.

आरोग्यविषयक प्रश्नावल्यांच्या भाषांतराची एक शिस्त असते. एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. चुकलेला शब्द या रीतीने सापडतो. ‘चक्कर’ म्हणजे घर गरगरणे की डोळ्यांपुढे अंधारी येणे, हा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा भेद त्यातून उजेडात येऊ शकतो. विचारलाच न गेलेला प्रश्न मात्र कोणत्याही भाषांतराने सापडत नाही.

म्हणून मोजमापच नको, असे आपल्यासारखे साहित्यातले लोक चटकन म्हणतील. मला ते पटत नाही. १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा या डॉक्टरने अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच धडधडीची नोंद केली. पुढे बराच काळ अशा तक्रारी मनाच्या दुबळेपणाच्या खात्यावर जमा होत राहिल्या. आकडा नसेल तर दुखण्याचे ‘नाटक’ व्हायला वेळ लागत नाही. आमच्या घरातही तो शब्द उच्चारला गेला होता. ३० ठोक्यांच्या आकड्याने तो बंद केला. २०१२ मध्ये खास अशा विकारांसाठी नेटक्या प्रश्नावल्या आल्या. त्यांतल्या एकीत, उभ्याने रक्तदाब कोसळणाऱ्यांसाठी केलेल्या, उभे राहणे आणि चालणे हे प्रश्न वेगळे आहेत; थोडा वेळ आणि बराच वेळ असेही वेगळे आहेत. आजारी माणसांचे ऐकल्यावरच असा प्रश्न तयार होतो.

तरीही उभे राहायचे कशासाठी, हे उरतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जीवनमान हे माणसाची संस्कृती, मूल्ये, उद्दिष्टे आणि अपेक्षा यांच्या संदर्भात पाहायचे असते. राईच्या आसपास मिठागरे आहेत. तिथे राबणाऱ्यांनी उन्हात उभ्यानेच मीठ ओढले. आता डॉक्टर तिला रोज जास्तीचे मीठ आणि दोन-तीन लिटर पाणी घ्यायला सांगतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र रक्तदाबासाठी मीठ तोडायला सांगितलेले. एकाच ताटाला दोन नियम लागतात आणि ओट्यापाशी कुणी उभे राहायचे, हाही निर्णय रोज करावा लागतो.

पुढच्या तपासणीला आम्ही भरलेल्या प्रश्नावलीसोबत दुसरा एक कागद नेला. आठवडाभर घड्याळ लावून तिने स्वतः नोंदी केल्या होत्या. ओट्यापाशी ८ मिनिटे. आरतीला ५, मग भिंतीला टेकून. बसथांब्यावर ६. लोकलमध्ये बसायला जागा नसेल तर गाडी सोडली, असे तीनदा. डॉक्टरांनी दोन्ही कागद फाईलला लावले आणि बसून करता येईल अशाच कामाची शिफारस लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन ती सध्या काम शोधते आहे.