बाईंच्या कमरेला बंदूक

शाळेतल्या शिक्षकांना बंदूक बाळगू द्यावी, असं मी बराच काळ ठामपणे म्हणत होते. मंडळाच्या कोजागिरीला, वॉट्सॲपवर, घरी जेवताना, जिथे विषय निघेल तिथे. आता तसं म्हणत नाही. ज्यांच्याशी तेव्हा हिरिरीने वाद घातला त्यांतले बरेच जण हे वाचतील, म्हणून मत का बदललं ते नीट सांगायला हवं.

मी टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेच्या एका उपनगरात, प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर मदतनीस आहे. 24 मे 2022 ला टेक्ससच्याच युव्हाल्डी गावात रॉब एलिमेंटरी शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी एकटा होता, अठरा वर्षांचा. हळूहळू 376 पोलीस तिथे जमले आणि मारेकरी होता त्या वर्गात शिरायला त्यांना 77 मिनिटं लागली. आतली मुलं 911 ला फोन करत होती. बाहेर पोलीस आईबापांना अडवत होते. माझा सगळा राग त्या 77 मिनिटांवर होता. पोलीस दाराबाहेर उभे राहणार असतील, तर वर्गातल्या बाईंच्या हातात काहीतरी असायला नको का? ज्या गावात मी वाढले तिथे बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या रखवालदाराची दुनळी, एवढीच ओळख. तरीही त्या उन्हाळ्यात मी पिस्तूल चालवायला शिकायचं ठरवलं.

पुढच्या वर्षी टेक्ससने कायदाच केला. सप्टेंबर 2023 पासून प्रत्येक शाळेत निदान एक सशस्त्र माणूस हवा. त्यासाठी सरकारने तेव्हा दरसाल प्रत्येक शाळेमागे 15,000 डॉलर आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे 10 डॉलर दिले. एवढ्यात पूर्णवेळ पोलिसाचा पगार निघत नव्हता, आणि इतके पोलीस मिळतही नव्हते. मग कायद्यातलीच पळवाट उरली: शाळेच्याच कर्मचाऱ्याला प्रशिक्षण देऊन ‘मार्शल’ किंवा ‘गार्डियन’ करायचं. मार्शलचं प्रशिक्षण 80 तासांचं. मी नाव द्यायच्या तयारीत होते.

शूटिंग रेंजवर माझा नेम बरा होता. कागदी पुतळा समोर स्थिर, मीही स्थिर. मग एका सत्रात प्रशिक्षकाने आम्हाला आधी पळायला लावलं, कानाशी मोठ्याने आवाज केले आणि लगेच गोळी झाडायला सांगितली. माझ्या गोळ्या पुतळ्याच्या आसपासही गेल्या नाहीत. तो म्हणाला, सवयीने जमेल. जमेलही. पण न्यूयॉर्कच्या पोलिसांचा अभ्यास 2008 मध्ये रँड या संस्थेने केला होता. समोरूनही गोळ्या येत असताना त्यांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागत होत्या. ही माणसं रोज बंदूक लावून कामावर जातात. उरलेल्या ब्याऐंशी गोळ्या वर्गात कुठे जातील, हा विचार त्या रात्री डोक्यात शिरला तो निघाला नाही.

तरी मत एकदम फिरलं नाही. ते फिरलं वर्गात, अगदी साध्या दिवशी. पहिलीची मुलं बाईंना मिठी मारतात ती कमरेला. त्यांचा हात तेवढाच पोचतो. बुटाची नाडी बांधायला मी खाली बसते तेव्हा दुसरा कुणीतरी पाठीवर रेलतो, तिसरी शर्टाचं टोक ओढून शू लागली म्हणून सांगते. पिस्तूल लपवून लावायचं ते नेमकं याच जागी. तिथे ठेवायचं नाही म्हटलं तर कपाटात, कुलपात. म्हणजे ज्या क्षणासाठी ते आणलं त्या क्षणी हाताशी नाही. अंगावर ठेवलं तर रोज, प्रत्येक तासाला, या चिमुकल्या हातांच्या मध्ये. बाथरूमला जातानाही ते काढून कुठेतरी ठेवायचंच.

हा कल्पनेचा खेळ नाही. जानेवारी 2023 मध्ये टेक्ससच्याच रायझिंग स्टार या छोट्या गावात शाळांच्या प्रमुखाने, म्हणजे सुपरिंटेंडंटनेच, आपलं पिस्तूल शाळेच्या बाथरूममध्ये विसरलं आणि ते तिसरीतल्या मुलाला सापडलं. त्या लेकराने शहाणपणा केला, बाईंना सांगितलं. युटाह राज्यात 2014 मध्ये एका शिक्षिकेचं पिस्तूल स्टाफच्या बाथरूममध्ये चुकून उडालं आणि तिच्याच पायाला इजा झाली. दोघांनाही परवानगी होती. दोघांचाही हेतू माझ्यासारखाच असणार.

आणि मग सँटा फे. ह्यूस्टनजवळच्या या हायस्कूलचं प्रकरण मी वादात कधी काढलंच नव्हतं, कारण ते माझ्या बाजूचं नव्हतं. 18 मे 2018. तिथे सशस्त्र पोलीस शाळेतच होते. ते बाहेर थांबले नाहीत, काही मिनिटांत धावून गेले, त्यातला एक जण मरता मरता वाचला. तरी 8 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. युव्हाल्डी पाहून मी म्हणत होते की आत कुणीतरी धैर्याचा माणूस बंदूक घेऊन हवा होता. सँटा फेमध्ये तशी माणसं होती. त्यांच्यामुळे आणखी मुलं वाचली असतील, हे मी मानते. पण पहिल्या काही मिनिटांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सँटा फेच्या सतरा वर्षांच्या हल्लेखोर मुलाकडच्या दोन्ही बंदुका वडिलांच्या होत्या. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अहवाल काढला. बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळाली होती. इथे मला माझा प्रश्नच बदलावा लागला. बंदूक शाळेच्या दारात आल्यावर तिला अडवायला मी पहिलीच्या बाईंना उभं करत होते, आणि ती जिथून निघते त्या बेडरूमच्या कपाटाबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

युव्हाल्डीच्या मुलाने मात्र कपाट फोडलं नव्हतं. अठरावा वाढदिवस झाल्यावर त्याने रायफली रीतसर विकत घेतल्या. हे वय एकवीस करावं म्हणून तिथले आईबाप 2023 मध्ये टेक्ससच्या राजधानीत, ऑस्टिनला, खेटे घालत होते. आमच्या शेजारच्या ॲलनमधल्या मॉलमध्ये 8 माणसं मारली गेल्यावर दोनच दिवसांनी ते विधेयक समितीत मंजूर झालं, पण सभागृहात मतदानाला आलंच नाही, मुदत संपली. मुलांच्या रक्षणासाठी मी रेंजवर जे तास घालवले, त्यातला एकही मी त्या आईबापांच्या शेजारी उभी राहण्यात घालवला नाही, याची खंत आहे.

एका ठिकाणी माझ्याकडे अजून उत्तर नाही. टेक्ससच्या उत्तर सीमेजवळ हॅरल्ड नावाचं अगदी छोटं गाव आहे. शेरीफचं ठाणं मैलोगणती दूर. तिथल्या शाळेने 2007 मध्येच कर्मचाऱ्यांना बंदूक बाळगायची परवानगी दिली. मदत यायला अर्धा तास लागत असेल, तर त्या पालकांना ‘नको’ म्हणायचा अधिकार मला डॅलसच्या उपनगरात बसून नाही. माझ्या शाळेबद्दल मात्र मला शंका उरलेली नाही. मी नाव दिलं नाही. त्याऐवजी दारांच्या कुलपांसाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागले, कारण रॉब एलिमेंटरीतल्या एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही, हे तिथे आधीपासून ठाऊक होतं आणि दुरुस्ती झाली नव्हती.

आणि आता माझ्या मुलाला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी मी विचारते: घरात बंदूक आहे का? कुलपात आहे का? गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का? मराठी घरांतही विचारते, कारण इथे आपल्याही लोकांनी घेतल्या आहेत. एका मैत्रिणीने माझंच भाषण ऐकून पिस्तूल घेतलं होतं. ती म्हणाली, “अगं, वर माळ्यावर आहे, मुलांना पत्ताही नाही.” मी म्हटलं, माळा म्हणजे कुलूप नव्हे. तिला राग आला. तिजोरी बघते म्हणाली आणि विषय बदलला. या शनिवारी मुलं पुन्हा तिच्याकडे जमणार आहेत, आणि मी तिला पुन्हा विचारणार आहे.